लो केलेली गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणताना

प्रश्न : काका, नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी मी एक वापरलेली हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने ती लो केलेली आहे. दिसायला छान दिसते, पण माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि त्या खोल सीटवरून उठताना तिला दाराची चौकट दोन्ही हातांनी धरावी लागते. गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं ते वेगळंच. मालकाने मूळ चार स्प्रिंगा खोक्यात घालून दिल्या आहेत. मी जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत टेपने मोजलं. पुढे ५९० मिलिमीटर, मागे ५९४. याच मॉडेलची, काहीही बदल न केलेली एक गाडी मोजली, तिची उंची पुढे ६४० आणि मागे ६३६ भरली. माझ्या गाडीला १९५/४५ आर १६ टायर आहेत, त्या गाडीला कंपनीचे १८५/६० आर १५. खोक्यातल्या स्प्रिंगा बसवल्या की गाडी मूळ उंचीवर येईल ना? आणि हे काम घरी जमेल का? माझ्याकडे पाने, जॅक आणि दोन स्टँड आहेत.

उत्तर : आईच्या गुडघ्यांसाठी हे काम काढलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. लो केलेल्या गाड्या परत वर करायला माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच अशाच कारणाने येतात. घरातल्या कुणाला तरी चढता-उतरता येत नाही, आणि मग गाडीचा विचार नव्याने होतो.

तुम्ही मोजून पाठवलंत म्हणून नेमकं सांगता येतंय. तुमच्या आकड्यांनुसार गाडी पुढून ५० आणि मागून ४२ मिलिमीटर खाली आहे. पण हे सगळं स्प्रिंगांमुळे नाही. १८५/६० आर १५ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर येतो, १९५/४५ आर १६ चा ५८२. त्रिज्येत साडेदहा मिलिमीटरचा फरक पडला. म्हणजे अख्खी गाडी सुमारे एक सेंटिमीटर टायरमुळेच खाली आली आहे, आणि स्प्रिंगांनी पुढे ४० आणि मागे ३२ मिलिमीटरच्या आसपास उतरवली आहे. खोक्यातल्या स्प्रिंगा घातल्या आणि टायर हेच ठेवले, तर ६४० भरणार नाही, ६३० भरेल. मग तुम्हाला वाटेल की स्प्रिंगा बसल्या, खराब झाल्या. म्हणून यापुढे जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून सरळ वर कमानीच्या कडेपर्यंत मोजा. त्या मापात टायर येत नाही, हवेचा दाबही येत नाही. त्या दुसऱ्या गाडीवर हेच माप घेऊन चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. पुढच्या एका कामाला ते आकडे लागणार आहेत, ते खाली सांगतो.

आता खोकं उघडा. त्या स्प्रिंगा याच गाडीच्या आहेत का, हे आधी पाहा. स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, कधी कागदी चिठ्ठी चिकटलेली असते. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेल इंजिनाचं वजन वेगळं असतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगाही वेगळ्या असतात. काही गाड्यांत डावी-उजवीही वेगळी असते. ठिपक्यांचे रंग आणि गाडीचा चासी नंबर घेऊन पार्टच्या काउंटरवर गेलात तर खात्री होते. मग प्रत्येक स्प्रिंगेचा सगळ्यात खालचा वेढा कापडाने पुसून बोटाने चाचपा. स्प्रिंगा बहुतेक वेळा तिथेच तुटतात. स्प्रिंग ज्या वाटीत टेकते त्या बैठकीत वाळू आणि पाणी साचतं, वरचं प्लास्टिकचं आवरण घासून जातं आणि गंज आत शिरतो. रंगाचा पापुद्रा उचकटलाय आणि खाली खड्डे पडलेत असं दिसलं, तर ती स्प्रिंग बसवू नका. बदलायची तर जोडीने बदला.

नंतर गाडीखाली झोपा आणि आधीच्या माणसाने आणखी काय काय बदललंय ते शोधा. गाडी लो करताना स्प्रिंगेशिवाय आणखी दहा ठिकाणी हात लागलेला असतो, आणि परत वर नेताना खोक्यात येतात फक्त स्प्रिंगा. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा बफर असतो, तो स्प्रिंग आखूड झाली की लवकर टेकतो, म्हणून अनेक जण तो कापून निम्मा करतात. कापलेला बफर मूळ स्प्रिंगेखाली ठेवला आणि गाडी भरून एखाद्या खड्ड्यात आदळली, तर शॉकअप आतून धातूवर धातू आपटतो. पूर्ण लांबीचे नवे बफर घ्याच. शॉकअप आखूड बॉडीचे घातलेत का तेही बघा. तसे असतील तर मूळ लांब स्प्रिंग त्यांच्यावर बसेल, गाडीची उंचीही बरोबर येईल, पण चाकाला खाली लटकायला जागा उरणार नाही. गतिरोधकावरून उतरताना दर वेळी वरून धप्प असा आवाज येईल. वळणावर गाडीला झुकू न देणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक रॉड आखूड किंवा अ‍ॅडजस्ट होणाऱ्या आहेत का, स्ट्रट (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकत्र जोड) जिथे नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला जोडतो तिथे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, बदलणारे कॅम्बर बोल्ट घातलेत का, ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर दुसऱ्या क्लिपेत अडकवली आहे का, हेही पाहा. ब्रेकच्या पाइपाकडे विशेष लक्ष द्या. खाली असताना जो पाइप पुरत होता, तो चाक पूर्ण लटकल्यावर ताणला जातो.

शॉकअप कंपनीचेच असतील तर दांडा आणि सील बघा. तेल ओघळलेलं दिसलं किंवा दांड्यावर गंजाचे टोचे असतील तर तो गेला. कडक स्प्रिंगेबरोबर धावलेल्या जुन्या शॉकअपवर मी स्वतः फारसा भरवसा ठेवत नाही. स्ट्रट एवीतेवी उघडतोच आहे, तर त्याच वेळी जोडी बदलावी असं माझं मत आहे. वरचं बेअरिंग आणि रबर माउंटही तेव्हाच बदला.

आता घरी जमेल का, हा प्रश्न. मागचं काम जमेल. पुढच्या स्प्रिंगा मात्र स्वतः बदलू नका.

मागे बहुतेक हॅचबॅकना दोन्ही चाकं जोडणारा बीम असतो आणि स्प्रिंग व शॉकअप वेगळे असतात. गाडी स्टँडवर, बीमखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, बीम हळूहळू उतरवला की स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे एकाने बघत राहायचं. स्प्रिंगेचं टोक बैठकीतल्या खाचेत पुरतं टेकलंय याची खात्री करायची. टोक खाचेवर चढून बसलं तर त्या कोपऱ्यात गाडी वर राहते.

पुढच्या स्ट्रटबद्दल मात्र थांबून सांगतो. लो करायच्या स्प्रिंगा आखूड असतात. स्ट्रट काढून वरचा मधला नट सोडला तर त्यांच्यात फारसा ताण नसतो, कधी कधी तर त्या बैठकीत सैल खुळखुळत असतात. तुम्ही तुमच्या गाडीतल्या सध्याच्या स्प्रिंगा काढाल तेव्हा त्या अशाच सहज निघतील, आणि तिथेच धोका आहे. हाताला वाटतं, काम सोपं आहे. पण आता जी मूळ स्प्रिंग बसवायची, ती मोकळी असताना खूपच लांब असते, आणि त्याच शॉकअपवर, त्याच नटाखाली तिला दाबून धरावं लागतं. समजा, दर मिलिमीटरला २५ न्यूटन अशी स्प्रिंग आहे आणि ती १५० मिलिमीटर दाबली. तिचा जोर ३,७५० न्यूटन झाला, म्हणजे जवळजवळ ३८० किलोचं वजन. तिच्यात साठलेली ऊर्जा २८१ ज्यूल. दहा किलोचं वजन जवळजवळ तीन मीटरवरून पायावर सोडलं तर जेवढा मार बसेल, तेवढा तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर दबा धरून बसलेला असतो.

मी शिकाऊ होतो तेव्हा गॅरेजमध्ये आम्ही दोन हूकवाला दाबयंत्राचा जोड वापरायचो. एकदा एका सोबत्याने हूक अगदी समोरासमोर न लावता जरा एका बाजूला लावले. स्प्रिंग दबता दबता वाकली, एक हूक वेढ्यावरून सरकला आणि ती सुटून समोरच्या लोखंडी कपाटावर गेली. दाराला पडलेला खड्डा मी पुढे कित्येक वर्षं रोज बघत होतो. तो मुलगा खाली वाकून वायसर उचलत होता, एवढ्यावर वाचला. त्या दिवशी उस्तादांनी जे सांगितलं ते आजही मी माझ्या हाताखालच्या मुलांना त्याच शब्दांत सांगतो : नळीची तोंडं असतात तशी स्प्रिंगेची दोन तोंडं असतात, कुठल्याच तोंडासमोर तुमचं तोंड येता कामा नये. हूक बरोबर समोरासमोर, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे, एअर गन लावायची नाही. स्प्रिंग बैठकीत हाताने फिरते आहे हे दिसल्याशिवाय मधल्या नटाला हात लावायचा नाही.

म्हणून तुम्ही असं करा. स्ट्रट गाडीतून स्वतः उतरवा, तेवढं तुमच्या पान्यांनी होईल. तो मधला नट न सोडता आख्खा स्ट्रट आणि मूळ स्प्रिंग, नवा बफर, बेअरिंग घेऊन ज्या कारखान्यात भिंतीला किंवा टेबलाला पक्कं बसवलेलं दाबयंत्र आहे तिथे न्या. ते बदलून देतील, तुम्ही परत चढवा. एकदा वापरून फेकायचे बोल्ट आणि नायलॉनचे नट नवे घ्या. मॅन्युअलमध्ये ते कुठले हे लिहिलेलं असतं.

आता वहीतल्या आकड्यांचं काम. चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या सांध्यात बुश असते, त्यात रबर हे आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. ते दाराच्या बिजागरीसारखं फिरत नाही. लो केल्यावर कोणी ते बोल्ट सोडून खालच्या उंचीवर पुन्हा आवळले असतील, तर रबर त्या उंचीला सरळ आहे. गाडी ४० मिलिमीटर वर गेली आणि आर्म ३५० मिलिमीटर लांब असला, तर तो साडेसहा अंश फिरतो, आणि रबर कायम तेवढं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतसुद्धा. मग ते लवकर फाटतं आणि गाडीला आपल्या ताणाने थोडं खालीही ओढतं. उलट, कोणी ते बोल्ट कधीच सोडले नसतील, तर मूळ उंचीवर आल्यावर रबर आपोआप मोकळं होईल. बोल्टच्या डोक्यावरचा रंग शाबूत आहे का यावरून अंदाज येतो, पण मी अंदाजावर सोडत नाही. पुढच्या आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट सैल करा. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत वहीतलं माप भरेपर्यंत आर्मखाली जॅक घ्या आणि त्या स्थितीत टॉर्क पान्याने आवळा. हे करताना गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर थांबा. मग चाकं लावून गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर चाकांवर उभी करून आवळायचं.

अलाइनमेंट लागणारच. उंची बदलली की स्टिअरिंगच्या रॉडचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, सरकतो. खाली असताना केलेलं अलाइनमेंट वर चालत नाही. कॅम्बर बोल्ट काढून मूळ बोल्ट घातले नाहीत तर कॅम्बरही चुकीचा येईल. टायरची आतली कड खाल्ली गेली असेल तर ती भरून येत नाही, आणि त्या टायरचा घूं घूं आवाज ऐकून लोक उगाच बेअरिंग बदलतात. तुम्हाला टायर बदलायचेच असतील, तर कंपनीच्या मापाचे घालून मग अलाइनमेंट करा. स्पीडोमीटरही बरोबर येईल, सध्या तो खऱ्यापेक्षा साडेतीन टक्के जास्त दाखवतोय.

हेडलाइट विसरू नका, कारण त्याचा त्रास समोरच्याला होतो. तुमची गाडी पुढून ४० आणि मागून ३२ वर जाणार, म्हणजे नाक आठ मिलिमीटर जास्त उचललं जाणार. दोन चाकांतलं अंतर अडीच मीटर धरलं तर दहा मीटरवर झोत तीन सेंटिमीटरहून थोडा जास्त वर जातो, आणि दिवा स्वतः वर गेला तो वेगळा. आधीच्या मालकाने गाडी खाली गेल्यावर दिवे उचलून घेतले असतील तर फरक आणखी मोठा. रस्त्यावर रात्री काढण्याआधी दिवे तपासून घ्या. दिवे आपोआप वर-खाली होणारे असतील तर मागच्या आर्मला एक छोटी दांडी जोडलेली असते, तीही मूळ लांबीची आहे का बघा. काचेमागे कॅमेरा असेल तर तोही कॅलिब्रेट करावा लागेल.

एक शेवटचं, जुन्या गाड्यांसाठी. मागच्या बीमपासून एका झडपेला दांडी जात असेल, तर ती गाडीवरचं वजन ओळखून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करते. गाडी लो असताना त्या झडपेला वाटतं की डिकी भरलेली आहे, आणि ती मागे दाब वाढवते. कोणी तिची दांडी हलवून जुळवून घेतली असेल तर ती परत मूळ जागी आणणं तुमच्या हातात ठेवू नका, ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडून करून घ्या. हात लावलेलाच नसेल तर उंचीबरोबर ती आपोआप ताळ्यावर येते.

शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा बघा, आणि मग आईला बसवून, उठवून पाहा. मला कळवा.

प्रश्न : मी गाडी परत मूळ स्प्रिंगांवर आणली. स्प्रिंगा नव्या घेतल्या. पण पुढून गाडी अपेक्षेपेक्षा २० मिलिमीटर जास्तच वर उभी आहे, चाकावर बोट घालावं तर अख्खा हात जातो. स्प्रिंग चुकीची दिली असेल का?

उत्तर : असू शकते, पण आधी तीन गोष्टी बघा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजलंत का? चाक लटकलेलं असताना आत ओढलं गेलेलं असतं, ते जमिनीला टेकल्यावर टायर बाजूला सरकू शकत नाही आणि गाडी वरच अडकून राहते. गाडी पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, बोनेट दाबून दोन-चार वेळा हलवा आणि सपाट जागी पुन्हा मोजा. इथेच निम्म्या तक्रारी संपतात. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत काही मिलिमीटर बसतात, तेवढी सूट द्या. तिसरं म्हणजे, वर मी बुशबद्दल लिहिलंय ते तुमच्या बाबतीत उलटं झालं असण्याची शक्यता आहे. चाकं लटकत असताना आर्मचे बोल्ट आवळले, तर रबर त्या लटकत्या स्थितीला सरळ होतं आणि गाडीला वर धरून ठेवतं. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर ठेवून हलवा. खाली बसली तर कारण सापडलं. तिथेच, चाकांवर वजन असताना आवळा. एवढं करूनही २० मिलिमीटर राहिले तर स्प्रिंगेवरचे रंग पार्टच्या काउंटरवर दाखवा. पेट्रोल गाडीला डिझेलची स्प्रिंग दिलेली मी अनेकदा पाहिली आहे.

प्रश्न : माझ्या गाडीच्या स्प्रिंगा आधी कोणीतरी ग्राइंडरने दीड वेढा कापलेल्या आहेत. नव्या स्प्रिंगा न घेता वेढ्यांत रबराचे ठोकळे घालून किंवा बैठकीखाली स्पेसर ठेवून गाडी वर घेता येईल का?

उत्तर : नाही, आणि हे मी तुम्हाला कळकळीने सांगतो आहे. समजा, स्प्रिंगेला काम करणारे आठ वेढे होते. दीड कापला की साडेसहा उरले, आणि स्प्रिंग २३ टक्के कडक झाली, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. ठोकळा घातला की आणखी एक वेढा बंद पडतो आणि ती अजून कडक होते, आणि सगळा वाक उरलेल्या थोड्या तारेवर येतो. त्याहून वाईट म्हणजे, कापलेलं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते. एका खड्ड्यावर ती बैठकीतून तिरकी निघू शकते. कापताना तार तापून निळसर पडली असेल तर तिथलं पोलाद कमकुवत झालेलं आहे, पुढे कधी तुटेल ते सांगता येत नाही. कापलेल्या चारही स्प्रिंगा काढून टाका, गाडीच्या नंबराप्रमाणे मूळ स्प्रिंगा घ्या. आणि जुन्या भंगारात देताना त्यांच्यावर ग्राइंडरने आडवे दोन-तीन काप मारा, म्हणजे त्या पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाहीत.